धातूंची वाफ आणि विरळ हवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थी, महाविद्यालयीन शिक्षक, फाउंड्रीत काम करणारे तंत्रज्ञ आणि आकाशनिरीक्षक यांच्याकडून या विषयाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंतचे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र माहीत आहे, एवढेच गृहीत धरले आहे.

या विषयात नेमका कशाचा अभ्यास केला जातो?

धातूचा घन तुकडा हवेत ठेवला की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो आणि त्यानंतरची सगळी अभिक्रिया त्या थरातून ऑक्सिजन किंवा धातू किती वेगाने वाट काढतो यावर अवलंबून राहते. अशा प्रयोगात धातूचा स्वभाव कमी आणि थराचा स्वभाव जास्त मोजला जातो. तोच धातू तापवून किंवा लेसरच्या झोताने वाफेत बदलला, तर प्रत्येक अणू सुटा होतो आणि एक अणू व एक ऑक्सिजन रेणू यांची गाठ पडल्यावर काय घडते, हे थेट विचारता येते. अभिक्रिया होते का, किती टकरींमागे एकदा होते, तयार झालेला ऑक्साइडचा रेणू शांत असतो की प्रकाश टाकतो, आणि पुढे असे रेणू एकमेकांना चिकटून धूळ कशी बनते, या सर्व प्रश्नांचा या अभ्यासात समावेश होतो.

त्यासाठी हवा विरळ का करावी लागते?

समुद्रसपाटीच्या हवेत एखादा रेणू सरासरी सुमारे ६६ नॅनोमीटर अंतर गेला की दुसऱ्यावर आदळतो आणि एका सेकंदात अशा कित्येक अब्ज टकरी होतात. या गर्दीत धातूचा अणू सोडला, तर त्याचा ऑक्साइड होणे, त्या ऑक्साइडला पाण्याचा रेणू चिकटणे, शेजारच्या ऑक्साइडशी त्याची जोडी जमणे आणि त्यातून कण तयार होणे हे सगळे इतक्या झटपट उरकते, की पहिली पायरी कोणती आणि दुसरी कोणती हे वेगळे करता येत नाही. दाब कमी केला की दोन टकरींमधले अंतर त्याच प्रमाणात वाढते. १०० पास्कल दाबाला, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सुमारे हजाराव्या भागाला, ते ०.०६६ मिलिमीटर होते, तर १ पास्कलचा हजारावा भाग एवढ्याच दाबाला ते साडेसहा मीटरच्या आसपास जाते, म्हणजे वाफ झालेला अणू कोणालाही न भेटता थेट पात्राच्या भिंतीवर पोहोचतो. या दोन टोकांच्या मधल्या दाबांवर घटनाक्रम इतका संथ होतो, की आजच्या उपकरणांना तो पायरीपायरीने टिपता येतो.

दाब कमी केला म्हणजे तीच अभिक्रिया फक्त सावकाश घडते, असा समज मात्र करून घेऊ नये. काही अभिक्रियांचा वेग दाबाच्या प्रमाणात घटतो आणि काहींचा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे दाब बदलला की अभिक्रियांचा आपसातला क्रमच बदलतो आणि दाट हवेत नगण्य असलेली वाट विरळ हवेत मुख्य वाट ठरू शकते. माझ्या मते या विषयाचा गाभा येथे आहे. पुढच्या बहुतेक उत्तरांचा धागा याच मुद्द्याशी येऊन मिळतो.

धातूची वाफ ऑक्सिजनला भेटली की ती लगेच जळतेच ना?

नाही. ऑक्सिजनच्या रेणूतील दोन अणूंमधला बंध तोडायला सुमारे ५.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. धातूच्या एका अणूने त्या रेणूतला एक ऑक्सिजन अणू ओढून घ्यायचा असेल, तर नव्याने होणारा धातू-ऑक्सिजन बंध तेवढा तरी बळकट हवा. ॲल्युमिनियमचा बंध सुमारे ५.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असल्यामुळे हा व्यवहार जेमतेम फायद्याचा ठरतो, आणि खोलीच्या तापमानालासुद्धा ॲल्युमिनियमचा अणू ऑक्सिजनशी होणाऱ्या दर काही टकरींमागे एकदा अभिक्रिया करतो. १ पास्कल दाबाच्या हवेत सुट्या ॲल्युमिनियम अणूचे आयुष्य त्यामुळे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते. टायटॅनियमचा बंध जवळपास ६.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आहे, म्हणून तेथे तर ऊर्जा भरपूर शिल्लक राहते.

लोखंडाचे गणित वेगळे आहे. लोह-ऑक्सिजन बंध सुमारे ४.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे जवळजवळ एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट कमी पडतो, आणि खोलीच्या तापमानाला रेणूंच्या टकरींतून एवढी ऊर्जा क्वचितच मिळते. मॅग्नेशियम आणि सोडियम यांचे बंध त्याहूनही कमजोर, साधारण २.६ ते २.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे आहेत. जे मॅग्नेशियम आपण लखलखत्या ज्योतीने जळताना पाहतो, त्याचा सुटा थंड अणू एकट्या ऑक्सिजन रेणूकडून एक अणूही हिसकावून घेऊ शकत नाही, हे प्रथम ऐकताना बहुतेकांना पटत नाही. पण आकडे स्पष्ट आहेत. अशा धातूंना ऑक्सिजनशी जोडले जाण्यासाठी दुसरी वाट शोधावी लागते आणि त्या वाटेवर एका त्रयस्थाची गरज पडते.

हा त्रयस्थ म्हणजे कोण?

सोडियमचा अणू आणि ऑक्सिजनचा अखंड रेणू एकमेकांना चिकटून सोडियम सुपरऑक्साइड होऊ शकते. पण चिकटताना मोकळी झालेली ऊर्जा त्या नव्या रेणूतच अडकून राहते आणि ती बाहेर गेली नाही तर रेणू पुन्हा फुटतो. ती ऊर्जा काढून नेण्यासाठी नेमक्या त्याच क्षणी तिसरा रेणू येऊन आदळावा लागतो. हवेत हे काम बहुतांशी नायट्रोजन करतो. तिघांची गाठ एकाच वेळी पडायला हवी असल्यामुळे अशा अभिक्रियेचा वेग ऑक्सिजनच्या घनतेवर आणि नायट्रोजनच्या घनतेवरही, म्हणजे एकूण हवेच्या घनतेच्या वर्गावर अवलंबून राहतो.

आकड्यांत पाहू. जमिनीलगतच्या हवेपेक्षा ९० किलोमीटर उंचीवरची हवा सुमारे साडेतीन लाख पटींनी विरळ आहे. तेव्हा त्रयस्थावर अवलंबून असलेली अभिक्रिया तेथे साडेतीन लाखांच्या वर्गाने, म्हणजे सुमारे १२ हजार कोटी पटींनी मंदावते. तेथील थंडीमुळे ती किंचित वेगवान होते, पण ती भर या आकड्यापुढे किरकोळ आहे. जमिनीलगत सोडियमच्या अणूला ऑक्सिजन गाठायला काही नॅनोसेकंद पुरतात, तर ९० किलोमीटरवर त्याच कामाला तीन-चार मिनिटे लागतात. दुसऱ्या बाजूला, त्रयस्थाची गरज नसलेली ॲल्युमिनियमची अभिक्रिया फक्त साडेतीन लाख पटींनी मंदावते आणि तेथेही क्षणार्धात उरकते. एकाच हवेत, एकाच उंचीवर दोन धातूंचे भवितव्य इतके निराळे का होते, याचा खुलासा या एका फरकातून होतो.

मग नायट्रोजन स्वतः अभिक्रिया करत नाही का?

नायट्रोजनच्या रेणूचा बंध ९.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आहे, त्यामुळे सुट्या धातू अणूंच्या बाबतीत तो बहुधा केवळ त्रयस्थ म्हणूनच वावरतो. घन पृष्ठभागाची गोष्ट वेगळी: ताज्या टायटॅनियमच्या थराला नायट्रोजन घट्ट चिकटतो आणि टायटॅनियमची वाफ वापरून निर्वात निर्माण करणारे पंप याच गुणावर चालतात.

फाउंड्रीत मॅग्नेशियम टाकताना जो पांढरा लखलखाट होतो, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे, आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांकडून हा प्रश्न आला की मला विशेष आनंद होतो. एसजी आयर्न (ज्यातला कार्बन गोलसर कणांच्या रूपात असतो असे ओतीव लोखंड) तयार करताना साधारण १४०० ते १५०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू घालतात. मॅग्नेशियम १०९० अंशांनाच उकळते, त्यामुळे त्याचा काही भाग लोखंडात न विरघळता वाफ होऊन लॅडलच्या, म्हणजे वितळलेला धातू वाहून नेणाऱ्या भांड्याच्या, तोंडातून बाहेर पडतो आणि हवेत पेटतो. सुटा थंड अणू ऑक्सिजन रेणू फोडू शकत नाही असे वर म्हटले आहे. येथे मात्र वाफ अतिशय तापलेली असते, हवा पूर्ण दाबाची असते आणि आधीच तयार झालेल्या ऑक्साइड कणांच्या पृष्ठभागावर अभिक्रियेला सोपी जागा मिळते. डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश मुख्यतः या तापून उजळलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या कणांचा असतो, आणि नंतर उरणारा पांढरा धूर म्हणजे तेच कण थंड झालेले असतात.

हीच वाफ काही पास्कल दाबाच्या हवेत सोडली, तर लखलखाट होत नाही. कणांची दाटी होत नाही, उष्णता साठत नाही आणि अभिक्रिया स्वतःलाच वेग देत जाण्याची साखळी तुटते. दाट हवेतले जळणे ही एकच घटना दिसत असली, तरी तिच्यात वायूतील अभिक्रिया, कणांच्या पृष्ठभागावरील अभिक्रिया आणि उष्णतेचे वहन या तीन गोष्टी गुंतलेल्या असतात. विरळ हवेत त्यांची गुंतागुंत सुटते.

चांदीची वाफ केली तर काय होते?

चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीच्या वाचकांसाठी थोडक्यात: चांदी-ऑक्सिजन बंध इतका कमजोर आहे की चांदीची वाफ विरळ हवेत जवळपास तशीच राहते आणि काचेवर स्वच्छ चांदीचाच थर बसतो. म्हणून चांदीचा आरसा करताना निर्वाताच्या दर्जाबाबत ॲल्युमिनियमइतकी काटेकोर काळजी घ्यावी लागत नाही.

प्रयोगशाळेत धातूची वाफ कशी तयार करतात?

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे टंगस्टनच्या किंवा मॉलिब्डेनमच्या पातळ पत्र्याच्या बोटीत धातूचा तुकडा ठेवून बोटीतून मोठा विद्युतप्रवाह सोडणे. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळते, त्यामुळे बहुतेक धातूंची वाफ होईपर्यंत बोट टिकते. साधारण १ पास्कलइतका बाष्पदाब येण्यासाठी सोडियमला तीनशे अंशांच्या आतबाहेर, मॅग्नेशियमला साडेचारशेच्या आसपास, तर ॲल्युमिनियमला बाराशेच्या वर तापमान लागते. मॅग्नेशियम ६५० अंशांना वितळत असल्यामुळे ते न वितळताच थेट घनातून वाफ होते आणि त्याचे तुकडे बोटीतून उडू नयेत म्हणून झाकण वापरावे लागते. वितळलेले ॲल्युमिनियम टंगस्टनला खाते, म्हणून त्यासाठी जाड पिळाची तार वापरावी आणि ती वरचेवर बदलावी.

दुसरी पद्धत लेसरची. एनडी-याग लेसरचा काही नॅनोसेकंदांचा झोत धातूच्या चकतीवर केंद्रित केला की तेथून वाफेचा फवारा उडतो. वेळ नेमकी ठरलेली असल्याने ‘शून्य क्षण’ कळतो आणि त्यानंतरच्या मायक्रोसेकंदांत काय घडले, हे मोजता येते. मात्र या फवाऱ्यातील अणू अतिशय वेगवान, अनेकदा उत्तेजित आणि काही प्रमाणात आयनित असतात. ते आजूबाजूच्या निष्क्रिय वायूत थंड होईपर्यंत थांबल्याशिवाय घेतलेली मोजमापे खोलीच्या तापमानाची म्हणून मांडणे योग्य नाही. तिसऱ्या पद्धतीत धातू असलेल्या सेंद्रिय संयुगाची वाफ, उदाहरणार्थ लोखंडासाठी फेरोसीन, प्रकाशाच्या तीव्र झोताने फोडून सुटे अणू मिळवतात.

अभिक्रिया झाली, हे कळते कसे?

प्रत्येक धातूचा अणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. सोडियमसाठी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, पोटॅशियमसाठी ७७० च्या आसपास, लोखंडासाठी ३७२. त्याच धातूच्या पोकळ कॅथोड दिव्याचा प्रकाश पात्रातून पलीकडे नेला आणि तो किती शोषला जातो हे मोजले, की शिल्लक अणूंचा अंदाज येतो. लेसरने अणूंना उत्तेजित करून त्यांची चमक मोजणे हा त्याहून कितीतरी संवेदनशील मार्ग आहे. तयार झालेल्या ऑक्साइडसाठी रेणूंचे पट्टे पाहतात: ॲल्युमिनियम मोनॉक्साइडचा ठळक निळा-हिरवा पट्टा ४८४ नॅनोमीटरजवळ सुरू होतो, तर लोह मोनॉक्साइडची चमक नारिंगी भागात पसरलेली असते.

वेग काढण्याची रीत विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. ऑक्सिजनचे प्रमाण धातूच्या मानाने खूप जास्त ठेवायचे, म्हणजे प्रयोगादरम्यान ते बदलले नाही असे धरता येते आणि धातूचे अणू घातांकी रीतीने कमी होत जातात. या घटीचा दर वेगवेगळ्या ऑक्सिजन दाबांना मोजून आलेख काढला, तर सरळ रेषा मिळते. रेषेचा उतार म्हणजे अभिक्रियेचा वेग स्थिरांक, आणि ऑक्सिजन शून्य असतानाही शिल्लक राहणारा दर म्हणजे भिंतीकडे पसरत जाऊन किंवा अशुद्धींशी गाठ पडून हरवलेले अणू. त्यानंतर नायट्रोजनचा दाब बदलून हे सर्व पुन्हा करायचे. उतार बदलला, तर अभिक्रियेला त्रयस्थ लागतो. तो बदलला नाही, तर लागत नाही.

कोणता दाबमापक वापरावा?

पिरानी गेज वायूच्या उष्णतावहनावर चालतो आणि तो बहुधा नायट्रोजनसाठी अंकित केलेला असतो. आर्गॉन भरून त्यावरचा आकडा जसाच्या तसा वहीत लिहिला, तर खरा दाब नोंदीपेक्षा जास्त असतो. जुन्या प्रयोगशाळांत आढळणारा मॅक्लिऑड गेज स्थायी वायूंसाठी विश्वासार्ह आहे, पण पाण्याची वाफ त्यात दाबली जाताना द्रवरूप होते आणि तो तिची नोंदच घेत नाही. शक्य असल्यास वायूच्या प्रकारावर अवलंबून नसलेला पडद्याचा धारकता-मापक वापरावा.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात असे प्रयोग करता येतात का?

करता येतात, पण पाणी हा येथला खरा प्रतिस्पर्धी आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पात्र उघडताना आत जाणाऱ्या दमट हवेतले पाणी काचेवर व स्टीलवर थर करून बसते आणि पंप सुरू केल्यावर तासन्‌तास हळूहळू सुटत राहते. ॲल्युमिनियमची वाफ पाण्याशीही अभिक्रिया करते, त्यामुळे आपण ऑक्सिजनचा परिणाम मोजतो आहोत असे वाटत असताना प्रत्यक्षात पाण्याचा परिणाम मोजला जाण्याचा धोका असतो. पात्र उघडताना बाहेरच्या हवेऐवजी कोरडा नायट्रोजन आत सोडावा, ते शक्य तितका कमी वेळ उघडे ठेवावे, पंप चालू असताना भिंती तापवाव्यात आणि पंपाच्या वाटेवर द्रव नायट्रोजनचा सापळा ठेवावा. वहीत रोजची सापेक्ष आर्द्रता नोंदवण्याची सवय मला फार मोलाची वाटते, कारण मोजमापांतील विचित्र चढउतारांचे कारण पुष्कळदा त्याच स्तंभात सापडते.

महाविद्यालयातील साध्या थर-लेपन यंत्रावर काही करता येईल का?

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठामुळे पातळ थरांच्या संशोधनाची मोठी परंपरा आहे आणि परिसरातील अनेक विद्यार्थी बेल जार, रोटरी पंप व डिफ्यूजन पंप यांच्याशी परिचित असतात. तेवढ्या सामग्रीवर एक उत्तम प्रयोग होतो. प्रथम शक्य तितक्या चांगल्या निर्वातात काचेवर ॲल्युमिनियमचा थर द्यावा; तो चकचकीत आरशासारखा येतो. नंतर सुईच्या झडपेतून थोडी थोडी कोरडी हवा आत सोडत, दाब पायरीपायरीने वाढवून तसेच थर द्यावेत. थर करडा, मग तपकिरी होत जातो आणि दाब पुरेसा वाढला व धातूचा वेग कमी ठेवला, तर जवळजवळ पारदर्शक होतो. प्रत्येक थराचा विद्युतरोध आणि पारदर्शकता मोजून दाबाविरुद्ध मांडावी.

त्यामागचे गणितही हाताने करण्याजोगे आहे. १ पास्कलच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतक्या दाबाला पृष्ठभागावर दर सेकंदाला जवळपास एका अणुथराइतके वायूचे रेणू आदळतात. धातूही सेकंदाला एक अणुथर याच वेगाने बसत असेल, तर प्रत्येक धातू अणूमागे एक वायू रेणू उपलब्ध असतो. याचा अर्थ असा, की दाबाचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. दाब आणि धातू बसण्याचा वेग यांचे गुणोत्तर महत्त्वाचे असते. अनेक प्रबंधांत फक्त दाब दिलेला असतो, वेग दिलेला नसतो, आणि मग तो प्रयोग दुसऱ्या कोणालाही पुन्हा करता येत नाही. जाता जाता सांगण्याजोगे म्हणजे, थोड्या ऑक्सिजनमध्ये वाफ करून मिळवलेले दाणेदार ॲल्युमिनियम शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षा जास्त तापमानाला अतिवाहक होते. शुद्ध धातूसाठी ही मर्यादा सुमारे १.२ केल्व्हिन आहे.

ज्यांच्याकडे काहीच सामग्री नाही, त्यांनी जुन्या रेडिओचा व्हॉल्व्ह पाहावा. काचेच्या आत दिसणारा चंदेरी डाग बहुधा बेरियमचा असतो. उरलासुरला वायू पकडून ठेवण्यासाठी तो कारखान्यातच वाफ करून तेथे बसवलेला असतो. काचेला तडा जाऊन हवा आत शिरली, की तो डाग पांढरा पडतो.

निसर्गात ही अभिक्रिया कोठे घडते?

आपल्या डोक्यावर, अखंडपणे. उल्का वातावरणात शिरताना साधारण ७५ ते ११० किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात तापून वाफ होतात आणि त्यांच्यातील सोडियम, लोखंड, मॅग्नेशियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे सुटे अणू त्या विरळ हवेत मिसळतात. ९० किलोमीटरवर दाब ०.१८ पास्कल आणि दोन टकरींमधले अंतर अडीच सेंटिमीटरच्या आतबाहेर असते. सोडियमचा थर याच उंचीवर सर्वांत दाट असतो, आणि दाट म्हणजे तरी दर घन सेंटिमीटरला केवळ काही हजार अणू. मोठ्या दुर्बिणींसाठी लेसरने आकाशात जो कृत्रिम तारा निर्माण करतात, तो हा थर उजळून.

रात्रीच्या आकाशात सोडियमची पिवळी रेषा १९२९ मध्ये ओळखली गेली आणि सिडनी चॅपमन यांनी १९३९ मध्ये तिचा खुलासा दिला. सोडियम ओझोनशी अभिक्रिया करून ऑक्साइड होते, मग हवेतला सुटा ऑक्सिजन अणू त्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो, आणि मोकळे झालेले सोडियम उत्तेजित असल्यास पिवळा प्रकाश टाकते. सोडियम खर्च होत नाही, ते पुन्हा पुन्हा फिरत राहते. येथे वरच्या उत्तरांतला हिशेब कामी येतो: ओझोनच्या रेणूतला एक अणू सुटायला जेमतेम एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतो, त्यामुळे सोडियम, लोखंड व मॅग्नेशियम या तिन्हींना तो सहज, त्रयस्थाविना घेता येतो. त्या उंचीवर ओझोन ऑक्सिजनच्या मानाने नाममात्र असतो, तरीही रात्री सोडियमला तो काही सेकंदांत गाठतो, तर ऑक्सिजनला तीन-चार मिनिटे लागतात. दाट हवेत हे चित्र पूर्ण उलटे असते. ८५ किलोमीटरच्या खाली सुटे ऑक्सिजन अणू झपाट्याने कमी होतात, ऑक्साइड पुन्हा धातूत परतत नाहीत आणि थराची खालची कड तुटक दिसते.

या उंचीचा अभ्यास कोल्हापुरात होतो का?

होय. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मध्यम कंप्रतेचे रडार शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात असून त्याने साधारण ८० ते ९८ किलोमीटर उंचीवरचे वारे मोजले जातात. धातूंचे थर ज्या हवेत असतात, तीच ही हवा. रात्रीच्या आकाशदीप्तीची, म्हणजे वरच्या हवेतून येणाऱ्या मंद प्रकाशाची, निरीक्षणेही कोल्हापुरातून झालेली आहेत. सोडियमचा थर लेसरने पाहण्याचे काम आंध्र प्रदेशातील गादंकी येथे झाले आहे. डोळ्यांनीच पाहायचे असेल, तर १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा मिथुन उल्कावर्षाव पन्हाळ्यासारख्या अंधाऱ्या जागेवरून पाहावा. ऑगस्टमधला ययाती उल्कावर्षाव आपल्याकडे बहुधा ढगांत जातो. मिथुनेतील अनेक उल्कांच्या वर्णपटात सोडियम कमी आढळते, कारण त्यांचा जनक लघुग्रह फेथॉन सूर्याच्या फार जवळून जातो.

रॉकेटमधून मुद्दाम धातूची वाफ सोडतात, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि भारताच्या अवकाश कार्यक्रमाची सुरुवातच त्यातून झाली. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी थुंबा येथून सोडलेल्या नायकी-अपाची या पहिल्या रॉकेटमध्ये फ्रेंच बनावटीची सोडियम वाफेची सामग्री होती. जमिनीवर अंधार आणि वर अजून सूर्यप्रकाश, अशा वेळी ती वाफ नारिंगी चमकली आणि तिच्या सरकण्यावरून वरच्या वाऱ्यांचा वेग काढता आला. पुढे जगभर ट्रायमिथाइल ॲल्युमिनियम व बेरियमही सोडण्यात आले. सूर्यप्रकाशात पहिल्याची निळसर-हिरवी चमक ॲल्युमिनियम मोनॉक्साइडचीच असते, आणि सूर्यप्रकाश नसतानाही अभिक्रियेमुळे त्याचा ढग चमकतो. २०१३ मध्ये क्वाजालीन बेटावरून समेरियमची वाफ सोडण्यात आली. हा धातू सुट्या ऑक्सिजन अणूला भेटला की थेट आयनित ऑक्साइड आणि मोकळा इलेक्ट्रॉन देतो.

मग प्रयोगशाळेत ९० किलोमीटरची स्थिती हुबेहूब का उभी करत नाहीत?

भिंतींमुळे. ०.१८ पास्कलला अणू काही सेंटिमीटरांच्या नळीत ठेवला, तर त्याला अभिक्रियेसाठी लागणाऱ्या मिनिटांच्या तुलनेत तो भिंतीवर जाऊन बसायला क्षणभरही लागत नाही. म्हणून नळीत दाब शंभर पास्कल किंवा त्याहून अधिक ठेवतात, त्यामुळे भिंतीकडे जाणे मंदावते आणि अभिक्रिया वेगवान होते. मग मिळालेला वेग स्थिरांक दाब आणि तापमान यांनुसार कसा बदलतो हे तपासून वरच्या उंचीसाठी हिशेब करतात. हा हिशेब दोन तापमानांच्या मोजमापांवर उभारू नये. ९० किलोमीटरवर तापमान उणे ८५ अंशांच्या आसपास असते आणि तेथपर्यंत नळी थंड करून मोजणेच उत्तम.

कोणते धोके लक्षात ठेवावेत?

विरळ वायूत तयार झालेली धातूची बारीक भुकटी पात्र उघडताच आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून हवा अगदी हळूहळू आत सोडावी आणि भिंती कोरड्या फडक्याने खसाखसा पुसू नयेत. सोडियमच्या थरावर पाणी टाकू नये. जस्ताच्या ऑक्साइडचा ताजा धूर छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. पितळ ओतणाऱ्यांना हा त्रास परिचित आहे. हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेले मिश्रण साध्या खनिज तेलाच्या रोटरी पंपातून ओढू नये, कारण तेलाचा स्फोट होऊ शकतो. त्यासाठी फ्लोरिनयुक्त निष्क्रिय तेलाचा पंप लागतो. बेल जारवर जाळी असल्याशिवाय पंप सुरू करू नये. एनडी-याग लेसरचा १०६४ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, त्यामुळे त्या तरंगलांबीचा चष्मा खोलीतील प्रत्येकाने घालावा, केवळ प्रयोग करणाऱ्याने नव्हे.

उपग्रह वातावरणात जळतात, त्यांच्या धातूचे काय होते?

उल्कांसारखेच होते, पण धातू वेगळे असतात. उल्कांत लोखंड, मॅग्नेशियम आणि सिलिकॉन प्रमुख; उपग्रह आणि रॉकेटच्या टप्प्यांत ॲल्युमिनियम. ही वाफ ऑक्सिजनशी त्रयस्थाविना, तत्काळ अभिक्रिया करते, हे वर आलेच आहे. तयार झालेले ऑक्साइडचे रेणू आणखी ऑक्सिजन व पाणी घेतात, कण होतात आणि वर्षानुवर्षे खाली उतरत राहतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत, स्थितांबरातील सल्फ्युरिक आम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे १० टक्के कणांत अवकाशयानांतून आलेले ॲल्युमिनियम आणि इतर धातू आढळले. हे कण ओझोनच्या रसायनावर किती परिणाम करतील हे ठरवायचे, तर ॲल्युमिनियम मोनॉक्साइडपासून घन कणापर्यंतच्या प्रत्येक पायरीचा वेग विरळ हवेत मोजलेला हवा, आणि पहिल्या एक-दोन पायऱ्या सोडल्या तर हे काम बरेचसे शिल्लक आहे. निर्वात पात्र, वर्णपटमापक आणि धीर असलेल्या कोणत्याही प्रयोगशाळेने त्यातला एखादा भाग हाती घ्यावा.